डॉ. ल्यूसी विल्स : गिरणगावच्या मातांच्या रक्ताचा शोध

नायगावच्या बीडीडी चाळींतून निघून भोईवाड्यामार्गे परळकडे पायी चालू लागले, की थोड्याच अंतरात मुंबईचे एक वेगळेच रूप समोर येते. टाटा स्मारक रुग्णालय, केईएम, वाडिया आणि झाडीमागे दडलेली हाफकिन संस्था. या रस्त्यांच्या पदपथांवर बिहार, बंगाल, आसामपासून आलेली कुटुंबे अंथरूण-पांघरूण घेऊन बसलेली असतात. कुणाच्या मांडीवर केस गेलेले लहान मूल असते, कुणाच्या हाती अहवालांची फुगलेली पिशवी असते. नायगावात वाढलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना हे दृश्य नवीन नाही. शाळेत जाता-येता ते पाहतच आपण मोठे झालो.

काही वर्षांपूर्वी आपल्या वसतिगृहातील एका विद्यार्थ्याला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. त्याच्या इच्छेनुसार त्याचे नाव येथे देत नाही. तो नायगावात आपल्या मामांकडे राहून उपचार घेत असे. सुरुवातीचे कठीण महिने सरल्यावर त्याला दीर्घकाळ चालणारे औषध सुरू झाले. त्यात आठवड्यातून एकदाच घ्यायच्या लहानशा पिवळ्या गोळ्या होत्या. त्यांचे नाव मेथोट्रेक्सेट. पुढे रोग उलटला, बहिणीच्या अस्थिमज्जेतील मूलपेशी देऊन त्याच्यावर प्रत्यारोपण करावे लागले, आणि त्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यातही तेच औषध थोड्या थोड्या मात्रेने त्याच्या शिरेतून दिले गेले. आज तो नोकरी करतो. त्याच्या आजारपणात मी त्याला भेटायला जात असे, तेव्हा हे औषध आले कुठून, असा प्रश्न त्याने मला विचारला होता. मी इतिहास शिकवते, वैद्यक नव्हे. त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. शोध घेतला तेव्हा त्याचा एक धागा अमेरिकेतील बोस्टनपर्यंत गेला आणि दुसरा, मला अजिबात अपेक्षा नसताना, त्याच्या मामांच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावरील हाफकिन संस्थेत येऊन थांबला. त्या धाग्याच्या मुळाशी असलेल्या स्त्रीचे हे चरित्र आहे.

ल्यूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड येथे झाला. घराणे सुस्थितीतील होते. कोयते, विळे यांसारखी धारदार अवजारे तयार करण्याचा कुटुंबाचा कारखाना होता आणि वडील विज्ञानाचे पदवीधर होते. मुलींनीही विज्ञान शिकावे, अशी त्या घराची धारणा होती. चेल्टनहॅम येथील मुलींच्या नामांकित विद्यालयातून त्या १९०७ साली केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात गेल्या. तेथे त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्राचा अभ्यास केला, परीक्षाही दिल्या. परंतु केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना परीक्षेस बसू देई, पदवी मात्र देत नसे. ही वागणूक त्या विद्यापीठाने थेट १९४८ सालापर्यंत चालू ठेवली. ज्ञानाच्या दारात उभे करून आत न घेण्याची रीत केवळ आपल्याच देशात होती असे नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगताना मी हे उदाहरण नेहमी देते. अर्थात दोन्हींची दाहकता सारखी नव्हती, हेही सांगते.

१९११ मध्ये त्यांचे वडील वारले आणि दोन वर्षांनी थोरली बहीण गेली. त्यानंतरचा काही काळ त्यांनी प्रवासात घालवला. त्या सिलोनला जाऊन आल्या, मग दक्षिण आफ्रिकेत असतानाच पहिले महायुद्ध सुरू झाले. केपटाउनमध्ये त्यांनी काही आठवडे परिचारिकेचे काम केले आणि तेथेच बहुधा त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. १९१५ साली इंग्लंडला परतल्यावर वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांनी लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला. हे तेच विद्यालय, जेथे मुंबईच्या रखमाबाईंनी शिक्षण घेऊन १८९४ साली वैद्यकीय पात्रता मिळवली होती. विल्स डॉक्टर झाल्या तेव्हा १९२० साल संपत आले होते आणि त्यांचे वय बत्तीस होते. रुग्ण तपासण्याचा व्यवसाय त्यांनी केला नाही. रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत राहून गरोदरपणातील शरीरव्यापारांचा अभ्यास हाच त्यांनी आपला मार्ग ठरवला.

१९२८ साली त्या मुंबईत आल्या. भारतातील स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेत दीर्घकाळ काम केलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी त्यांना बोलावले होते. गरोदरपणात आणि बाळंतपणात इतक्या स्त्रिया का मरतात, याची चौकशी हाफकिन संस्थेत सुरू झाली होती आणि तिचा खर्च भारतीय संशोधन निधी मंडळ करीत होते. विल्स यांच्याकडे त्यातील एकच पण अवघड प्रश्न सोपवला गेला : गरोदर स्त्रियांना होणारा तो तीव्र रक्तक्षय, ज्यात रक्त पाण्यासारखे फिके होते आणि आई बाळासह दगावते.

१९२८ हे वर्ष गिरणगावासाठी कसे होते, हे आपल्या वाचकांना आठवून द्यायला हवे. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सर्वसाधारण संप चालला होता. लाखांहून अधिक कामगार घरी बसले होते. अस्पृश्य कामगारांना साच्याच्या खात्यात मज्जाव होता, कारण धोट्यात सूत ओढताना ते तोंडाने खेचावे लागे आणि त्यामुळे इतरांना विटाळ होतो, असे मानले जाई. हा प्रश्न बाबासाहेबांनी याच संपाच्या काळात लावून धरला. गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक स्त्री होती. त्या वायंडिंग आणि रिळिंग खात्यांत काम करीत. पोटुशी बाई शक्य तितके दिवस काम ओढी, कारण खाडा म्हणजे पगार गेला. त्याच वर्षी २८ जुलैला मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तो भार मुख्यतः शासनाने उचलावा, पण तिच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकालाही त्यातून सुटता येणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. पुढल्याच वर्षी, १९२९ मध्ये, तो कायदा झाला. परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांची कचेरी होती; हाफकिन तेथून हाकेच्या अंतरावर. विल्स आणि बाबासाहेब यांची भेट झाल्याचा पुरावा नाही आणि मी तसा दावाही करीत नाही. तरीही एकाच वर्षी, एकाच वस्तीत, त्याच गरोदर कामकरी बाईचा प्रश्न एक जण कायद्याच्या बाजूने आणि दुसरी व्यक्ती सूक्ष्मदर्शकाच्या बाजूने हाती घेत होती, याची नोंद इतिहासाच्या विद्यार्थ्याने करायलाच हवी.

विल्स यांच्यापुढचा रक्तक्षय नेहमीचा नव्हता. साध्या लोहाच्या कमतरतेत तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. येथे उलट होते. पेशींची संख्या अतिशय घटलेली, पण असलेली प्रत्येक पेशी नेहमीपेक्षा मोठी. असे चित्र युरोप-अमेरिकेत पर्निशियस अॅनिमिया या जीवघेण्या रोगात दिसे आणि १९२६ साली बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी त्यावर रोज भरपूर काळीज खाऊ घालण्याचा उपाय काढला होता. परंतु मुंबईच्या स्त्रिया तरुण होत्या, त्यांच्या मज्जासंस्थेवर त्या रोगाच्या खुणा नव्हत्या आणि बाळंतपणातून जगल्या-वाचल्या तर बऱ्याही होत. म्हणजे रोगाचा चेहरा तोच, पण मूळ वेगळे.

या ठिकाणी विल्स यांनी जे केले ते मला त्यांच्या सगळ्या कामात मोलाचे वाटते. त्या काळचे अनेक गोरे डॉक्टर अशा रोगाला उष्ण कटिबंधाचा रोग म्हणून मोकळे होत; हवा, वंश, अस्वच्छता, यांवर बोट ठेवले की विषय संपे. विल्स यांनी आधी जंतुसंसर्ग तपासला आणि आतड्यात तसे कारण सापडत नाही हे पाहिले. मग त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. तळपदे या सहकाऱ्यासोबत त्यांनी मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली आणि ती १९३० साली भारतीय वैद्यकीय संशोधनाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. कोणत्या समाजातील, कोणत्या उत्पन्नाची बाई काय खाते, किती खाते, दूध, फळे, पालेभाजी तिच्या ताटात येते का, ती उजेडात-हवेत वावरते की पडद्यात कोंडलेली असते, हे घरोघरचे प्रश्न होते. निष्कर्ष असा निघाला, की ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट, त्यांनाच हा रोग सर्वाधिक, आणि त्यांत गरीब मुसलमान स्त्रिया सर्वांत पुढे होत्या. रोगाची जात शोधायला गेले तर दारिद्र्य सापडले, असे म्हणता येईल.

माझी आजी नायगावात राहून गिरणीच्या रिळिंग खात्यात होती. ती सांगत असे, की तिची जाऊ दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात पांढरी पडली, पायांवर सूज चढली, जिना चढताना धाप लागू लागली आणि घरचे लोक दृष्ट काढत राहिले. ती आणि मूल दोघेही गेले. चाळीत अशा बाईला पांढरी पडली एवढेच म्हणत. आजीच्या मते ते तिचे नशीब होते. मी विल्स यांच्याविषयी वाचू लागले तेव्हा या पांढरी पडण्याला एक वैद्यकीय वर्णन आहे आणि ते वर्णन आमच्या वस्तीच्या परिसरातच लिहिले गेले, हे मला प्रथम कळले. आजीच्या जावेला नेमके तेच झाले होते का, हे अर्थात सांगता येणार नाही.

पाहणीवरून संशय बळावला, तरी पुरावा हवा होता. १९२९ मध्ये काही महिने विल्स निलगिरीतील कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत गेल्या. तेथे रॉबर्ट मॅकॅरिसन आहारशास्त्राचे मोठे काम करीत होते. मुंबईच्या गरीब स्त्रियांच्या जेवणासारखे अन्न उंदरांना खाऊ घालून पाहिले, तेव्हा गाभण माद्यांमध्ये रक्तक्षय दिसू लागला आणि अन्नात यीस्ट घातले तर तो टळू लागला. प्रश्न सुटल्यासारखा वाटला. नंतर उघडकीस आले, की उंदरांच्या अंगावरील उवांमार्फत पसरलेला एक जंतू त्यांचे रक्त कमी करीत होता आणि त्यामुळे प्रयोगाचा अर्थच गढूळ झाला होता. अशा वेळी निष्कर्ष तसाच रेटून नेणारे संशोधक कमी नसतात. विल्स यांनी उंदीर बाजूला ठेवले आणि माकडांवर प्रयोग सुरू केले.

माकडांनाही तोच आहार दिला गेला. त्यांना मोठ्या पेशींचा, म्हणजे मुंबईच्या स्त्रियांसारखाच रक्तक्षय झाला. काळीज दिले की सुधारणा होई, पण विल्स यांना स्वस्त आणि सर्वांना खाता येईल असे काहीतरी हवे होते. त्यांनी एका माकडाच्या आहारात मार्माइट घातले. मार्माइट म्हणजे बिअर तयार करताना तळाशी उरणाऱ्या यीस्टपासून बनवलेले काळपट, खारट, चिकट सार. इंग्रज लोक ते पावाला लावून खातात. माकड भराभर सुधारले. मग तेच सार रुग्ण स्त्रियांना दिले गेले. काही दिवसांतच त्यांच्या रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या, भूक परतली आणि रक्ताचे प्रमाण चढू लागले. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माकडांवरील प्रयोगांचा सविस्तर वृत्तांत बिलिमोरिया या सहकाऱ्यासोबत १९३२ मध्ये आला.

यीस्टमध्ये नेमके काय होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे त्या अज्ञात पदार्थाला विल्स घटक असे नाव पडले. तो पर्निशियस अॅनिमिया बरा करणाऱ्या घटकाहून वेगळा आहे, हेही विल्स यांनीच दाखवले. काळजाचे कच्चे सार दोन्ही रोगांवर चाले. पण ते अधिक शुद्ध करत नेले, की पर्निशियस अॅनिमियावर त्याचा गुण कायम राही आणि मुंबईच्या स्त्रियांवर मात्र नाहीसा होई. म्हणजे शुद्धीकरणात गळून जाणारे दुसरेच काहीतरी या स्त्रियांना हवे होते. या कामासाठी त्या १९३७ च्या अखेरीस विमानाने पुन्हा मुंबईत आल्या आणि सुमारे दहा आठवडे हाफकिनमध्ये राहिल्या.

ते दुसरे काहीतरी १९४१ साली अमेरिकेत टेक्सास येथे सापडले. संशोधकांनी पालकाची कित्येक टन पाने उकळून-गाळून त्यातून एक पदार्थ वेगळा केला आणि लॅटिन भाषेतील पान या अर्थाच्या शब्दावरून त्याला फोलिक अॅसिड असे नाव दिले. १९४५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या पथकाचे प्रमुख होते आंध्रातील भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. स्प्रू या आतड्याच्या रोगाने सुब्बारावांच्या घरातले तरुण माणूस हिरावले होते आणि फोलिक अॅसिड हे त्या रोगावरही औषध ठरले. मेथी, पालक, चवळीची पाने, डाळी, हरभरे, शेंगदाणे, काळीज या सगळ्यांत ते असते. मात्र भाजी फार वेळ शिजवून पाणी फेकून दिले, की त्यातले बरेचसे निघून जाते. आमच्या आया-आज्यांनी खाटकाकडून स्वस्तात आणलेल्या काळजाला जी नाके मुरडली जात, त्याच काळजाचे सार इंग्लंडच्या रुग्णालयांत औषध म्हणून दिले जात होते, हे वाचताना मला थोडे हसू आले.

येथून हा इतिहास गरोदर मातांकडून ल्युकेमियाच्या मुलांकडे कसा वळतो, ते नीट समजून घ्यायला हवे. आपल्या हाडांच्या पोकळीतील मज्जेत मूलपेशी असतात आणि त्यांच्यापासून रक्ताच्या नव्या पेशी सतत तयार होत राहतात. पेशीला दुभंगून दोन व्हायचे असेल, तर आधी आपल्या गुणसूत्रांची नक्कल करावी लागते आणि त्यासाठी फोलेट लागते. फोलेट नसेल तर पेशी वाढते, पण दुभंगू शकत नाही. म्हणून मुंबईच्या स्त्रियांच्या पेशी मोठ्या आणि मोजक्या होत्या. ल्युकेमियात याच मज्जेत अपक्व पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होते. त्याही पेशी आहेत आणि त्यांनाही दुभंगण्यासाठी फोलेट लागते.

बोस्टनच्या बालरुग्णालयातील डॉ. सिडनी फार्बर यांना सुरुवातीस हे उलगडले नव्हते. फोलिक अॅसिडने रक्त सुधारते, तर ल्युकेमियाही सुधारेल, या आशेने त्यांनी मुलांना त्याचे संयुग दिले. रोग अधिकच भडकला. ही चूक मोठी होती आणि तिची किंमत मुलांनी मोजली. परंतु त्यातूनच फार्बर यांनी उलटा विचार केला : वाढवणारे अन्न हेच असेल, तर ते तोडले पाहिजे. सुब्बारावांच्या पथकाने फोलिक अॅसिडसारखे दिसणारे पण त्याची जागा अडवून बसणारे पदार्थ तयार केले होते. त्यांपैकी अमिनोप्टेरीन १९४७ च्या अखेरीस ल्युकेमियाच्या मुलांना देण्यात आले. सोळांपैकी दहा मुलांची प्रकृती सुधारली. ती सुधारणा महिन्या-दोन महिन्यांची होती, रोग परतला, मुले गेली. तरीही ल्युकेमियाला औषध थोपवू शकते, हे जगाला प्रथमच दिसले. फार्बर यांचा निबंध जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये वारले. अमिनोप्टेरीनचाच जवळचा भाऊ म्हणजे मेथोट्रेक्सेट, आपल्या विद्यार्थ्याची पिवळी गोळी. मोठ्या मात्रेत ते द्यायचे झाले, तर काही तासांनी फोलेटचेच एक रूप देऊन निरोगी पेशींना वाचवले जाते. म्हणजे तोडणे आणि जोडणे, दोन्ही त्याच पदार्थाच्या आधारे चालते.

अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणातही या औषधाने जागा मिळवली. दुसऱ्याच्या मूलपेशी शरीरात रुजल्या, की त्या पाहुण्या पेशी यजमानाच्याच अवयवांवर हल्ला करतात, ही या उपचारातील सर्वांत मोठी अडचण होती. अमेरिकेतील डॉ. डोनाल थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कुत्र्यांवरील प्रयोगांत आढळले, की प्रत्यारोपणानंतर थोडे मेथोट्रेक्सेट दिल्यास हा हल्ला आटोक्यात राहतो. थॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण परळच्या टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये झाले. या रुग्णालयाच्या जन्माशीही ल्युकेमियाच आहे. विल्स यांचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच १९३१ साली मेहेरबाई टाटा या रोगाने वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ सर दोराबजी टाटांनी ल्युकेमियाच्या संशोधनासाठी न्यास स्थापन केला आणि पुढे १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. त्या काळी टाटांसारख्या घराण्याची संपत्तीही ल्युकेमियापुढे निरुपयोगी होती. आणि त्याच वेळी त्यावरील पहिल्या औषधाकडे नेणारी वाट परळमधल्या गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्ताच्या थेंबांतून निघाली होती.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. विल्स यांनी ल्युकेमियाच्या रुग्णावर कधी उपचार केले नाहीत आणि त्यांच्या शोधाचा हा उपयोग होईल, अशी कल्पना त्यांना १९३१ साली असणे शक्य नव्हते. उत्सवी भाषणांत त्यांना कर्करोगावरील औषधाच्या जनक म्हणणे चुकीचे ठरेल. त्यांनी आपल्यापुढचा प्रश्न प्रामाणिकपणे सोडवला, एवढेच. तसेच त्या साम्राज्याच्या यंत्रणेतून आलेल्या होत्या, हेही विसरता येत नाही. रोग दारिद्र्याचा आहे हे सिद्ध झाल्यावर उपाय म्हणून बरणीतले सार पुढे आले. मजुरी वाढवावी, असे त्या यंत्रणेला सुचले नाही. पण ज्यांनी तपासलेच नाही त्यांच्यापेक्षा ज्यांनी घरात जाऊन ताटात काय आहे ते पाहिले, त्यांचे ऋण मोठे आहे.

त्यांचे पुढील आयुष्य थोडक्यात सांगण्यासारखे आहे. १९३३ पासून त्या पुन्हा लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात रोगनिदानशास्त्राचे काम करू लागल्या आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांच्या छायेतही ते चालू ठेवले. १९४७ मध्ये निवृत्त झाल्या, परंतु स्वस्थ बसल्या नाहीत. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका येथे जाऊन तेथील गरिबांच्या आहाराचा आणि रक्तक्षयाचा अभ्यास करीत राहिल्या. त्यांनी लग्न केले नाही. मोठमोठे डॉक्टर मोटारीतून येत तेव्हा त्या सायकलवरून रुग्णालयात येत असत. आयुष्याच्या अखेरच्या दशकात त्या मजूर पक्षाच्या वतीने चेल्सी येथे नगरसेविका होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. मोठे पारितोषिक त्यांच्या वाट्याला आले नाही. काळजाचा उपाय शोधणाऱ्या मायनॉट-मर्फी यांना १९३४ मध्ये नोबेल मिळाले होते. त्या मात्र पाठ्यपुस्तकांच्या तळटिपांत राहिल्या.

त्यांचा शोध मात्र घरोघर पोचला. गरोदर स्त्रीला सरकारी दवाखान्यात लोहाबरोबर फोलिक अॅसिडची गोळी मिळते, ती त्याच परंपरेतील. गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक अॅसिड घेतल्यास बाळाच्या मणक्यातील आणि मेंदूतील गंभीर जन्मदोष पुष्कळ अंशी टळतात, हे १९९१ साली ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने सिद्ध केले. शाळांमध्ये दर आठवड्याला वाटली जाणारी निळी गोळीही हीच : लोह आणि फोलिक अॅसिड. आपल्या मुली ती कशी घेतात, हे मी वर्गात पाहते. काही जणी तोंडात धरून ठेवतात आणि नळावर जाऊन थुंकतात. मळमळते, शौचाला काळे होते, घरी आई नको म्हणते, अशी कारणे असतात. रिकाम्या पोटी घेतल्याने मळमळ होते, जेवणानंतर घ्या, असे सांगितले की निम्म्या मुली ऐकतात. पालकांनी याबाबत घरी विचारपूस करावी, अशी या निमित्ताने माझी विनंती आहे. गोळी मोफत आहे, आणि मुलगी पांढरी पडते आहे हे अजूनही आपल्याला उशिराच दिसते.

गेल्या वर्षी मी काही माजी विद्यार्थिनींसोबत हाफकिन संस्थेच्या परिसरात गेले होते. पूर्वी ही वास्तू मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होती. १८९९ साली वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा तेथे आली आणि १९२५ पासून तिला त्यांचे नाव मिळाले. दगडी जिने, उंच छत, बाहेर जुनी झाडे. याच आवारात माकडांचे पिंजरे असतील, याच खोल्यांपैकी एकीत काचपट्ट्यांवर रक्ताचे थेंब पसरले गेले असतील, असे आम्ही आपापसांत बोललो. विल्स यांच्या निबंधांत स्त्रियांची नोंद रुग्ण म्हणून आहे. वय, कितवे बाळंतपण, रक्ताचे प्रमाण, आहार, उपचारानंतरचे आकडे. वैद्यकीय लेखनाची रीतच तशी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. सोबतच्या एका मुलीने विचारले, की त्या बायका कुठे राहत असतील. आम्ही बाहेर आलो आणि भोईवाड्याच्या दिशेने चालू लागलो.

आजीला जाऊन आता तेवीस वर्षे झाली. तिच्या त्या जावेचे नाव काय होते, हे विचारायचे माझ्याकडून राहूनच गेले.